सात सिग्मा आले, तरी विश्वाचा डावा-उजवा का ठरला नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दीर्घिकांचा त्रिमित नकाशा करणाऱ्या 'बॉस' या सर्वेक्षणातल्या दीर्घिका चार-चारच्या गटांत मोजल्या, तर डाव्या आणि उजव्या आकृत्यांचा हिशेब सारखा बसत नाही, म्हणजे विश्वाला आरसा-सममिती नाही, असं २०२२ मध्ये जाहीर झालं. निष्कर्ष सात सिग्माचा होता (मिळालेला आकडा योगायोगाच्या नेहमीच्या चढउताराच्या किती पट दूर आहे, ते सिग्मा सांगतो). पाच सिग्मा झाले की शोध लागला म्हणतात, मग सात होऊनही पुढे काही का झालं नाही? आणि मुळात चारच दीर्घिका का, तीन का नाहीत?

मी दीर्घिकांच्या सर्वेक्षणांचं सांख्यिकीचं काम बरीच वर्षं करते आहे. आधी दुसरा प्रश्न घेते, कारण तो समजला की पहिल्याचं अर्धं उत्तर मिळतं.

कागदावर एक त्रिकोण काढा, तिन्ही बाजू वेगवेगळ्या लांबीच्या. शेजारी त्याची आरशातली प्रतिमा काढा. पहिला त्रिकोण कागदावर सरकवून, फिरवून प्रतिमेवर बसवायचा प्रयत्न करा, बसणार नाही. पण तोच कात्रीने कापून उचला आणि पालथा टाका, लगेच बसेल. तीन बिंदू नेहमी एका प्रतलात असतात आणि त्रिमितीत ते प्रतल पालथं घालायला जागा असते. त्यामुळे तीन दीर्घिकांच्या कुठल्याही आकृतीत आणि तिच्या आरशातल्या प्रतिमेत फक्त फिरवण्याचा फरक उरतो. विश्वाला कुठलीच दिशा लाडकी नाही असं धरलं, तर त्या दोन्ही आकृत्या एकच. दोन बिंदूंचा सहसंबंध (म्हणजे अमुक अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या निव्वळ योगायोगापेक्षा किती जास्त सापडतात) घ्या किंवा तीन बिंदूंचा, डावं-उजवं त्यात दिसूच शकत नाही.

चौथा बिंदू प्रतलाबाहेर गेला की पालथं घालण्याची सोय संपते. आता तुमच्याकडे चतुष्फलक आहे, आणि असमान बाजूंचा चतुष्फलक बुटासारखा असतो: डावा बूट कितीही फिरवा, उजव्या पायात जात नाही.

मोजायचं कसं? चौकडीतल्या एका दीर्घिकेवर उभं राहायचं. बाकीच्या तिघी वेगवेगळ्या अंतरांवर आहेत असं समजू. आता नजर जवळचीकडून मधलीकडे, मधलीकडून लांबचीकडे आणि परत जवळचीकडे न्यायची. नजर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरली तर चौकडी एका जातीची, उलट फिरली तर दुसऱ्या जातीची. गणिताच्या भाषेत, पहिल्या दोन सदिशांचा क्रॉस गुणाकार आणि त्याचा तिसऱ्याशी डॉट गुणाकार. आरशात पाहिलं की या संख्येचं चिन्ह उलटं होतं, बाकी काही बदलत नाही.

या मापनात आपण कुठून पाहतो याला काही महत्त्व नाही. चौकडी स्वतःच डावी किंवा उजवी असते, निरीक्षक कुठेही असो. हे मुद्दाम सांगते, कारण सर्पिल दीर्घिका उजवीकडे फिरतात की डावीकडे, हे मोजण्याच्या प्रयोगाशी बरेच जण याची गल्लत करतात. सर्पिल दीर्घिका इथून घड्याळाच्या दिशेने वळलेली दिसत असेल, तर तिच्या पलीकडून पाहणाऱ्याला ती उलटी वळलेली दिसते. आकाशभर एकाच जातीची वळणं जास्त भरली, तर त्याचा अर्थ आपण विश्वात खास जागी बसलो आहोत किंवा विश्वाला एखादा अक्ष आहे असा होईल. तोही मोठा प्रश्न आहे, पण वेगळा.

त्या प्रयोगाचा एक किस्सा मात्र इथे कामाचा आहे. २००७ मध्ये 'गॅलक्सी झू' सुरू झालं आणि हजारो स्वयंसेवकांनी दीर्घिकांची चित्रं पाहून त्यांचं वळण नोंदवलं. घड्याळाच्या उलट दिशेची वळणं जास्त निघाली. मग त्या गटाने शहाणपणा करून काही चित्रं आरशातून उलटवून त्याच लोकांना दाखवली. वळण खरोखर आकाशातलं असतं तर आता घड्याळाच्या दिशेची वळणं जास्त निघायला हवी होती. पुन्हा उलट दिशेचीच जास्त निघाली! दोष आकाशाचा नव्हता, पाहणाऱ्यांच्या डोळ्यांचा होता. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. या कामात मात्र आरशाशिवाय पान हलत नाही.

आता हा खटाटोप कशासाठी? १९५६ पर्यंत निसर्गाला डावं-उजवं कळत नाही असं सगळेच धरून चालले होते. ली आणि यांग यांनी दाखवून दिलं की क्षीण बलाच्या, म्हणजे अणुकेंद्रकांच्या बीटा-ऱ्हासामागच्या बलाच्या, बाबतीत हे कुणी तपासलेलंच नाही. च्येन-श्युंग वू यांनी कोबाल्ट-६० ची अणुकेंद्रकं अतिशीत तापमानात चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने रांगेत लावली आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले. ते केंद्रकाच्या फिरकीच्या उलट दिशेला जास्त जात होते. आरसा तिथेच फुटला. १९५७ चं नोबेल ली आणि यांग यांना मिळालं, वू यांना नाही, ही बोच आमच्या क्षेत्रात अजून आहे.

पण क्षीण बलाचा पल्ला अणुकेंद्रकाहूनही कितीतरी आखूड. कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या अंतरावर राज्य गुरुत्वाकर्षणाचं, आणि गुरुत्वाकर्षण डावं-उजवं पाहत नाही. विश्वाच्या सुरुवातीला डाव्या आणि उजव्या चौकड्यांची शक्यता सारखी असेल, तर १३.८ अब्ज वर्षं गुरुत्वाने कितीही गोळे केले, जाळी विणली, पोकळ्या रिकाम्या केल्या, तरी सरासरी शून्यच राहते. शून्य नसेल तर बोट थेट सुरुवातीकडे, म्हणजे महाप्रसरणाच्या (विश्व जन्मताच क्षणार्धात प्रचंड फुगलं, त्या) काळाकडे जातं.

या चाचणीचं सौंदर्य इथेच आहे. एरवी दीर्घिकांच्या मापनातून महाप्रसरणाबद्दल काही म्हणायचं तर गुरुत्वाकर्षणाने केलेला गोंधळ आधी वजा करावा लागतो. दीर्घिका कृष्णद्रव्याच्या कुठल्या गोळ्यात जन्मतात याचं मॉडेल लागतं. आणि त्या मॉडेलवर आयुष्यभर भांडणं चालतात. इथे अपेक्षित उत्तर शून्य आहे आणि त्या शून्याला कसलंच मॉडेल लागत नाही. रॉबर्ट कान, झॅकरी स्लेपियन आणि जियामिन हौ यांनी २०२१ मध्ये ही चाचणी मांडली, तेव्हा माझ्यासकट अनेकांना ती याच कारणाने आवडली. पुढे काय नडलं, तेही याच वाक्यात लपलं होतं. शून्याला मॉडेल लागत नाही, पण शून्याच्या आसपास आकडा किती हेलकावेल, याला लागतं.

त्याआधी मोजणीविषयी थोडं, कारण त्यात एक सुंदर युक्ती आहे. 'बॉस'मधल्या 'सीमास' नावाच्या नमुन्यात सुमारे ७.८ लाख दीर्घिका आहेत. त्यातून चौकड्या निवडायच्या तर संख्या १० च्या २२ व्या घातात जाते. अंतरांची मर्यादा घातली तरी एक-एक चौकडी मोजणं कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून चौकड्या मोजायच्याच नाहीत. प्रत्येक दीर्घिकेभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कवचं कल्पायची, प्रत्येक कवचावर शेजारणी कशा पसरल्या आहेत हे गोलीय हार्मोनिक फलनांत (गोलावरचा पसारा मोठ्या-लहान लाटांत मोडून लिहिण्याची फलनं, कोनीय अंक जितका मोठा तितकी लाट बारीक) लिहायचं आणि तीन कवचांचे गुणांक ठरावीक पद्धतीने एकमेकांशी गुणायचे. काम दीर्घिकांच्या संख्येच्या चौथ्या घातावरून वर्गावर येतं. प्रत्येक गुणाकाराला तीन कोनीय अंक असतात. त्यांची बेरीज विषम आली की तो गुणाकार आरशात चिन्ह बदलतो, सम आली की बदलत नाही. आपल्याला विषम हवेत.

शून्य ते चार एवढेच कोनीय अंक घेतले तर असे विषम प्रकार २३ होतात. दहा कवचं घेतली तर त्यातून तीन वेगवेगळी निवडायचे मार्ग १२०. म्हणजे सर्वेक्षणातून २७६० आकडे हाती येतात, आणि आरसा-सममिती खरी असेल तर त्या प्रत्येकाची अपेक्षित किंमत शून्य. कवचांची व्याप्ती साधारण ९ कोटी ते ७५ कोटी प्रकाशवर्षं.

२०२२ च्या जूनमध्ये, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, दोन निकाल आले. हौ, स्लेपियन आणि कान यांना 'सीमास'मध्ये ७.१ सिग्मा आणि जवळच्या दीर्घिकांच्या 'लोझी' नमुन्यात ३.१ सिग्मा मिळाले. ऑलिव्हर फिलकॉक्स यांनी 'बॉस'च्याच दीर्घिका वापरून वेगळ्या पद्धतीने विश्लेषण केलं, त्यांना २.९ मिळाले. आकाश तेच, दुर्बीण तीच, आणि एकीकडे लाख कोटीत एक असा योगायोग, तर दुसरीकडे काही शेकड्यांत एक. अनुभवी माणसाची भुवई इथेच वर जाते. निसर्गाचा संकेत इतका ठणठणीत असेल तर तो पद्धतीनुसार असा आकसत नाही.

आता मूळ दुखणं. आधी नाण्यांचं उदाहरण घेऊ. १०० नाणी उडवली, छापे वजा काटे असा फरक काढला. फरकाची सरासरी शून्य, प्रमाण विचलन १०. फरक ४० आला तर चार सिग्मा, नाणी खोटी आहेत म्हणायला हरकत नाही. पण कुणी गुपचूप दहा-दहा नाणी एकमेकांना चिकटवून ठेवली असतील तर? गठ्ठा पडेल तो सगळाच छापा किंवा सगळाच काटा. सरासरी अजूनही शून्यच, नाणी अजूनही प्रामाणिक, पण प्रमाण विचलन आता सुमारे ३२. तोच ४० चा फरक सव्वा सिग्मावर येतो. अपेक्षित उत्तर बदललं नाही. बदलला तो चिकटपणा.

दीर्घिकांच्या चौकड्या अशाच चिकटलेल्या असतात. एकच दीर्घिका अब्जावधी चौकड्यांमध्ये हजेरी लावते. एक भलामोठा समूह एका पोकळीच्या काठावर बसला असेल, तर त्याच्या भोवतीच्या सगळ्या चौकड्या एकाच जातीकडे कलतात, निव्वळ योगायोगाने. असे किती योगायोग एका सर्वेक्षणात मावतात, हे ठरतं दोन चौकड्यांच्या परस्परसंबंधावरून, म्हणजे आठ बिंदूंच्या सहसंबंधावरून. आणि आठ बिंदूंचा सहसंबंध पूर्णपणे आरसा-सममित असला तरी शून्य नसतो. त्यात गुरुत्वाकर्षण, दीर्घिकांची जन्मस्थानं, सर्वेक्षणाचा आकार, सगळं काही येतं. दारातून हाकललेलं मॉडेल खिडकीतून आत आलं ते असं.

हा चिकटपणा मोजायचा कसा? कृत्रिम विश्वं बनवून. 'बॉस'साठी 'पॅची' नावाच्या पद्धतीने २०४८ खोटी सर्वेक्षणं तयार केली गेली होती. ती पूर्ण गुरुत्वाकर्षण सोडवून केलेली नाहीत, झटपट करायच्या अंदाजी पद्धतीने केलेली आहेत, आणि त्यांचे स्क्रू दोन आणि तीन बिंदूंच्या सहसंबंधाशी जुळेपर्यंत पिळलेले आहेत. ज्या कामासाठी ती बनवली, त्याला ती उत्तम आहेत. आठ बिंदूंचा हिशेब त्यांच्याकडून बरोबर यावा अशी अपेक्षा कुणी केलीच नव्हती.

शिवाय २०४८ सर्वेक्षणांतून २७६० आकड्यांचा कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (कुठला आकडा किती आणि कुणाच्या जोडीने हेलकावतो याचा तक्ता, ज्याचा व्यस्त सिग्मा काढायला लागतो) काढला तर त्याचा व्यस्त निघत नाही. नमुने आकड्यांपेक्षा कमी आहेत, एवढं साधं कारण. मग दोन वाटा उरतात: आकडे गाळून थोडेच ठेवायचे, किंवा कोव्हेरियन्स कागदावर सूत्राने काढायचा आणि तो 'पॅची'शी जुळवून घ्यायचा. दुसऱ्या वाटेने जास्त आकडे वापरता येतात. अठरा कवचं घेतली तर ते १८,७६८ होतात. ७.१ सिग्मा या वाटेवरचे.

इथे एक हिशेब करूनच दाखवते, कारण यावर भाषण देण्यापेक्षा तो जास्त बोलतो. काय-स्क्वेअर म्हणजे प्रत्येक आकडा त्याच्या गोंगाटाच्या मापात घेऊन केलेली वर्गांची बेरीज. तिची अपेक्षित किंमत म्हणजे आकड्यांची संख्या, आणि तिचं प्रमाण विचलन म्हणजे त्या संख्येच्या दुपटीचं वर्गमूळ. २७६० आकड्यांसाठी विचलन सुमारे ७४. समजा खरा गोंगाट, म्हणजे व्हेरियन्स, आपल्या अंदाजापेक्षा १० टक्क्यांनी जास्त आहे. मग काय-स्क्वेअर २७६ ने वर जाईल आणि आपण त्याला ३.७ सिग्मा म्हणू. १८,७६८ आकड्यांसाठी विचलन सुमारे १९४. इथे अंदाज फक्त ५ टक्क्यांनी चुकला तर काय-स्क्वेअर ९३८ ने वाढतो, म्हणजे जवळपास पाच सिग्मा. विश्व पूर्ण सममित असताना! जितके जास्त आकडे, तितकी चुकीची शिक्षा मोठी. आणि आठ बिंदूंच्या राशीत ५ टक्क्यांची चूक होणं, हे माझ्या मते नशीब चांगलं असल्याचं लक्षण आहे.

काय-स्क्वेअरचा आणखी एक स्वभाव लक्षात घ्या. तो प्रत्येक आकड्याचा वर्ग करतो, त्यामुळे चिन्ह पुसलं जातं. डावं-उजवं शोधायला निघालेली चाचणी शेवटच्या पायरीवर डावं-उजवंच विसरते. हे मला पुस्तकातून नाही, स्वतःच्या चुकीतून कळलं. आकाशातले कोन त्रिमितीत बदलताना माझ्या कोडमध्ये एका अक्षाचं चिन्ह उलटं लिहिलं गेलं होतं, म्हणजे मी कित्येक आठवडे आरशातल्या विश्वाचं विश्लेषण करत होते. शेवटचा आकडा दशांशापर्यंत तोच येत होता, म्हणून शंका आली नाही. प्रत्येक सहगुणकाचं चिन्ह दुसऱ्या कोडशी ताडून पाहिलं तेव्हा सगळीच्या सगळी उलटी निघाली. तेव्हापासून माझा शिरस्ता असा: कॅटलॉग मुद्दाम उलटवायचा, कोड पुन्हा चालवायचं, विषम आकड्यांची चिन्हं उलटायलाच हवीत, सम आकड्यांना धक्का लागता कामा नये. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते न करणारे मी पाहिले आहेत.

वर्गाच्या या दोषावरचा उपाय ॲलेक्स क्रोलेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये दिला, आणि तो इतका साधा आहे की आधी का सुचला नाही असं वाटतं. सर्वेक्षणाचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यातून स्वतंत्रपणे ते सगळे आकडे काढा. आता एका तुकड्याच्या आकड्यांचा स्वतःशी नव्हे, दुसऱ्या तुकड्याच्या आकड्यांशी गुणाकार करा. खरा संकेत असेल तर तो विश्वाच्या जन्मातून आलेला, म्हणजे सगळ्या तुकड्यांत त्याचं चिन्ह एकच. त्याचे गुणाकार साचत जातील. गोंगाट मात्र प्रत्येक तुकड्यात आपापला. एका तुकड्यात समूह पोकळीच्या डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. गुणाकार कधी धन, कधी ऋण, आणि सरासरीत ते विरून जातात. गोंगाटाचा अंदाज थोडा चुकला तरी खोटा संकेत तयार होत नाही, फक्त खऱ्याची धार थोडी कमी-जास्त होते. शिवाय तुकडे आपापसांत किती वेगळे आहेत हे पाहून प्रत्यक्ष आकाशातला गोंगाटही मोजता येतो, कृत्रिम विश्वांवर भिस्त न ठेवता.

'बॉस'वर हे केल्यावर काय निघालं? आरसा-सममिती मोडल्याचा संकेत, विश्लेषणातल्या निवडीनुसार, शून्य ते अडीच सिग्मा. आणि आठ बिंदूंच्या हिशेबातली तफावत, म्हणजे खरं आकाश आणि 'पॅची' यांच्यातला फरक, सुमारे सहा सिग्मा. सात सिग्मांचा मोठा भाग कुठे गेला ते तुमच्या लक्षात आलं असेल. ते सिग्मा खोटे नव्हते. त्यांनी खरंच काहीतरी शोधलं होतं: आमची कृत्रिम विश्वं आकाशासारखी नाहीत, हे. फिलकॉक्स आणि ज्युलिया एरेझा यांनी वेगळ्या जातीची, 'उचू' सिम्युलेशनवर बेतलेली कृत्रिम सर्वेक्षणं वापरून पाहिली, तेव्हाही संकेताचं वजन उतरलं.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: 'बॉस'मध्ये विश्वाची आरसा-सममिती मोडल्याचा पटण्याजोगा पुरावा नाही. पण मूळ निबंध लिहिणाऱ्यांना दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. त्यांनी कोव्हेरियन्सची अडचण स्वतःच निबंधात चर्चिली होती. सात सिग्माचा मथळा एकटाच फिरत राहिला, चर्चा मागे राहिली.

'दुर्बिणीच्या दोषामुळे असं होईल का?' हेही हमखास विचारतात. होऊ शकतं, पण दिसतं तितकं सहज नाही. आकाशातली धूळ, हवामान, आणि एकमेकींना फार चिकटून असलेल्या दीर्घिकांपैकी एकीला ऑप्टिकल फायबर न मिळणं ('बॉस'मध्ये दोन फायबर ६२ कोनीय सेकंदांहून जवळ बसत नसत), या सगळ्यांनी मोजणी बिघडते. पण बिघाड आणि डावं-उजवं बिघडणं यात फरक आहे. ताम्रसृतीवरून (दीर्घिकेचा प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला यावरून) अंतर काढताना दीर्घिकांच्या स्वतःच्या वेगामुळे नकाशा आपल्या दृष्टिरेषेच्या दिशेने ताणला-दाबला जातो. हा मोठा बिघाड, पण त्यात एकच खास दिशा आहे, आणि एका रेषेतून जाणारा आरसा त्या रेषेला जसंच्या तसं ठेवतो. हातपणा, म्हणजे डावं-उजवंपण, यायला एका प्रतलात नसलेल्या तीन खास दिशा एकत्र याव्या लागतात: दृष्टिरेषा, धुळीचा उतार एका दिशेने आणि निरीक्षणांच्या दर्जाचा उतार तिसऱ्या दिशेने. असं एखाद्या तुकड्यात घडेल. आकाशभर एकाच चिन्हाने घडणं अवघड. मला स्वतःला सर्वेक्षणाच्या आकाराची जास्त भीती वाटते. त्याच्या वेड्यावाकड्या कडांना स्वतःचा हातपणा असतो आणि तो यादृच्छिक बिंदूंचा (त्याच आकारात कसेही विखुरलेल्या खोट्या बिंदूंचा) कॅटलॉग वापरून काळजीपूर्वक काढून टाकावा लागतो.

सिद्धांताच्या बाजूने थोडक्यात. महाप्रसरणाच्या सर्वांत साध्या चित्रात, म्हणजे एकच क्षेत्र, सगळ्या मापांवर सारखी वागणूक आणि नेहमीची निर्वात अवस्था, हा संकेत पहिल्या पायरीवर शून्यच येतो. तो हवा असेल तर काहीतरी वेगळं घालावं लागतं. उदाहरणार्थ ॲक्सिऑन या काल्पनिक कणासारखं एक क्षेत्र, जे दुसऱ्या, विद्युतचुंबकीय जातीच्या क्षेत्राशी असं जोडलेलं असेल की डाव्या वळणाच्या लहरी उजव्यांपेक्षा जास्त फुगतील. अशा नेमक्या मॉडेलांचे साचे घेऊन 'बॉस'मध्ये शोध झालेला आहे, काही सापडलेलं नाही. शिवाय संकेत आदिम असेल तर त्याची सावली वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीवरही, म्हणजे बाल विश्वातून उरलेल्या प्रकाशावरही, पडायला हवी. प्लांक उपग्रहाच्या तापमान नकाशात चार बिंदूंची हीच चाचणी फिलकॉक्स यांनी केली, तिथेही काही नाही. दीर्घिकांत सात सिग्मा आणि प्लांकमध्ये शांतता, हे एकत्र नांदवणं कुठल्याही साध्या मॉडेलला कठीण होतं.

पार्श्वभूमीचाच विषय निघाला आहे तर एक शेजारचा संकेत सांगते, कारण तो अजून जिवंत आहे. त्या प्रकाशाच्या ध्रुवणाचं प्रतल आपल्यापर्यंत येताना किंचित फिरलं आहे का, हे युतो मिनामी आणि एइचिरो कोमात्सु यांनी २०२० मध्ये प्लांकच्या माहितीतून मोजलं: ०.३५ अंश, अधिक-उणे ०.१४. २०२२ मध्ये योहानेस एस्किल्ट आणि कोमात्सु यांनी आणखी माहिती घालून ०.३४ च्या आसपासच कोन मिळवला, या वेळी ३.६ सिग्मा. खरं असेल तर प्रकाशाला वाटेत डावं-उजवं ओळखणारं काहीतरी भेटलं. पण इथेही दुखणं ओळखीचं आहे. उपकरणातला संवेदक बसवताना तेवढ्याच कोनाने वाकडा बसला असेल, तरी नकाशात तेच दिसेल. दोन्ही वेगळे करायला ते आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीच्या ध्रुवणाचा आधार घेतात, कारण तो प्रकाश फार लांबून आलेला नाही. मग सगळी मदार धुळीचं ध्रुवण नीट समजण्यावर येते, आणि धूळ हा काही सरळ प्राणी नाही.

मला स्वतःला दीर्घिकांमधला संकेत पटायला काय लागेल? तुकड्यांच्या गुणाकारात पाच सिग्मा, स्वतःशी गुणाकारात नव्हे. आकाशाच्या उत्तर आणि दक्षिण भागांत एकच चिन्ह. लाल, वयस्क दीर्घिका आणि तारे घडवणाऱ्या निळ्या दीर्घिका एकाच अवकाशात मोजल्या तर दोन्हींत तोच कल, कारण त्यांची जन्मस्थानं वेगळी असली तरी जन्मकथा एकच आहे. आणि विश्लेषणाच्या सगळ्या निवडी, किती कवचं, किती कोनीय अंक, खरा आकडा पाहण्याआधी ठरवलेल्या.

त्यासाठी माहिती येते आहे. अमेरिकेतल्या किट पीकवरच्या चार मीटर दुर्बिणीला लावलेलं 'डेसी' हे उपकरण ५००० फायबर यंत्राने हलवतं आणि २०२१ पासून सर्वेक्षण करतं आहे. 'बॉस'मध्ये एका वेळी १००० फायबर हाताने पत्र्याच्या भोकांत खोचले जायचे. २०२३ च्या जुलैमध्ये गेलेला युक्लिड उपग्रह वातावरणाबाहेरून पाहतो. आकाश मोठं झालं की तुकडे जास्त करता येतात, आणि या चाचणीत तुकड्यांची संख्या हाच खरा फायदा आहे. दुसरी एक वाटही मला आवडते: न्यूरल नेटवर्कला अर्ध्या आकाशावर असं शिकवायचं की खरा तुकडा आणि त्याची आरशातली प्रतिमा यातला फरक त्याने ओळखावा, आणि परीक्षा उरलेल्या अर्ध्यावर घ्यायची. विश्व सममित असेल तर नेटवर्क कितीही हुशार असो, परीक्षेत त्याला नाणेफेकीइतकेच गुण पडतील. कोव्हेरियन्सचं झंझट त्यात बरंच कमी आहे, पण पास झालं तर नेमकं काय ओळखलं हे त्याच्याकडून काढून घेणं कठीण.

तुम्हाला स्वतः हात घालायचा असेल तर 'बॉस'चे कॅटलॉग आणि चार बिंदूंचा सहसंबंध मोजणारं 'एन्कोर' हे कोड, दोन्ही खुले आहेत. पहिल्याच दिवशी सात सिग्मा शोधायला जाऊ नका. दक्षिणेकडचा छोटा भाग घ्या, चार-पाच कवचं ठेवा, तुकडे करा, कॅटलॉग उलटवून चिन्हं तपासा, आणि मग 'पॅची'च्या एका सर्वेक्षणावर तेच सगळं करून दोन्हींमधला गोंगाट शेजारी-शेजारी ठेवून पाहा.